अव्हेंजर्सचे घरभेदी

अव्हेंजर्सचा सर्वांत मोठा खलनायक कोण, असा विषय निघाला की बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता थॅनॉसचं नाव घेतात. २०१८चा 'इन्फिनिटी वॉर' आणि २०१९चा 'एंडगेम' या दोन चित्रपटांनी हा वाद जणू निकालात काढला. एक चुटकी वाजली आणि विश्वातले निम्मे जीव राख झाले. याच्या वर कोण काय करणार? पण हेच उत्तर जुनी कॉमिक्स कोळून प्यायलेल्या मंडळींसमोर देऊन बघा. कुणीतरी लगेच विचारेल, थॅनॉस अव्हेंजर्सचा आहेच कुठे?

त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही. थॅनॉस पहिल्यांदा दिसला तो 'आयर्न मॅन'च्या ५५व्या अंकात, १९७३ साली. त्याचा जनक जिम स्टार्लिन. स्टार्लिनने त्याला वाढवलं ते मार-व्हेल आणि अ‍ॅडम वॉरलॉक या आपल्या लाडक्या अंतराळातल्या नायकांचा वैरी म्हणून. अव्हेंजर्स त्या कथांमध्ये असतात, पण पाहुण्यांसारखे. लढाईला हात लावतात, जखमा घेतात आणि घरी जातात. उद्या अव्हेंजर्स नावाची टीमच नव्हती असं धरलं, तरी थॅनॉसच्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही.

माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. नुसतं ताकदीचं माप लावायचं तर हा वाद दोन मिनिटांत संपतो, कारण कॉमिक्सच्या जगात ग्रह गिळणारे आणि काळ गोठवणारे पैशाला पासरी आहेत. टीमच्या खलनायकाला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ही टीम नसती तर हा असता का? आणि याने टीमचं असं काय मोडलं, जे पुढच्या अंकात जोडून घेता आलं नाही?

पहिल्या प्रश्नावर लोकी एकदम पास होतो, तोही उलट्या बाजूने. तो नसता तर टीमच नसती. सप्टेंबर १९६३ची तारीख असलेल्या पहिल्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी जी गोष्ट रचली ती आज वाचताना गंमत वाटते. लोकीला सूड घ्यायचा आहे थॉरवर. त्यासाठी तो हल्कला गळाला लावतो. रेल्वेच्या पुलावर सुरुंग ठेवल्याचा नुसता भास उभा करतो. हल्क तो काढायला झेपावतो, त्यात रूळच मोडतात, मग गाडी वाचवायला तो पूल अंगावर पेलून धरतो आणि लोकांना वाटतं यानेच हल्ला केला. हल्कचा मित्र रिक जोन्स रेडिओवरून मदत मागतो. लोकी तो संदेश थॉरकडे वळवतो खरा, पण तो आयर्न मॅन, अँट-मॅन आणि वास्प यांच्याही कानी पडतो. सगळे येऊन पोहोचतात आणि नको ती टीम जमते. शेवटी या देवाला शिशाच्या टाकीत पाडतं कोण, तर अँट-मॅनच्या मुंग्या! २०१२च्या पहिल्या चित्रपटातही टीम जमवणारा लोकीच होता. पण दुसऱ्या प्रश्नावर तो कच्चा पडतो. त्याचं भांडण भावाशी आहे. बाकीचे त्यात केवळ सापडले.

आता थॅनॉसकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट या वादाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे नेते. अफाट शक्ती हाती आली की कथेचं काय होतं? १९९१च्या 'इन्फिनिटी गॉन्टलेट' या सहा अंकांच्या मालिकेत थॅनॉसकडे सहा रत्नांचा हातमोजा आहे. काळ, अवकाश, मन, आत्मा, शक्ती, वास्तव, सगळं मुठीत. निम्मं विश्व तो पहिल्याच अंकात पुसून टाकतो, तेही चित्रपटातल्यासारखं अन्नपाण्याच्या टंचाईवर उपाय म्हणून नव्हे. साक्षात मृत्यूवर त्याचं प्रेम आहे, तिला खूश करायला. चौथ्या अंकात उरलेसुरले नायक त्याच्यावर चालून जातात. पण जो सर्वज्ञ आहे आणि मनात येईल ते घडवू शकतो, त्याच्याशी लढायचं कसं? ज्याची बॅट तो आउटच होत नाही, मग खेळण्यात अर्थ काय? स्टार्लिनला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने मेफिस्टो नावाच्या सैतानाला पुढे केलं. मेफिस्टो थॅनॉसला पटवतो की मृत्यूवर छाप पाडायची तर शत्रूला थोडी तरी संधी द्यायला हवी, आणि थॅनॉस आपली सर्वज्ञता आपल्याच हाताने बाजूला ठेवतो. म्हणजे लढाई सुरू होण्यासाठी लेखकाला आधी सर्वशक्ती बंद करावी लागली. पुढेही थॅनॉस हरतो तो कुणाच्या ठोशाने नव्हे. विश्वाशी एकरूप होण्याच्या मोहात तो देह मागे सोडून जातो आणि त्या देहाच्या हातातला मोजा त्याची बंदी नेब्युला काढून घेते. वॉरलॉक त्याला तोंडावर सुनावतो की तू नेहमी स्वतःच हरण्याची सोय करून ठेवतोस, कारण आपण या शक्तीला लायक नाही हे तुला आतून ठाऊक आहे.

आपल्याला यात नवल वाटायला नको. वरदानातली फट शोधण्यावर तर आपली अर्धी पुराणकथा उभी आहे. घरात नाही की बाहेर नाही, दिवसा नाही की रात्री नाही, असा वर हिरण्यकश्यपूने मागितला, म्हणून उंबरठा आणि तिन्हीसांज यांना गोष्टीत जागा मिळाली. अट नसती तर नरसिंहही नसता.

अमेरिकी कॉमिक्सने हे धडपडत शिकून घेतलं. सुरुवातीच्या आयर्न मॅनची चार्जिंग संपली की त्याचं हृदयच धोक्यात यायचं, म्हणून हा अब्जाधीश धावतपळत येऊन भिंतीतल्या सॉकेटला वायर जोडताना दिसतो. थॉरचा हातोडा ६० सेकंदांहून जास्त काळ हातातून सुटला तर तो पुन्हा लंगडा डॉक्टर डोनाल्ड ब्लेक व्हायचा. एवढ्या एका अटीवर लेखकांनी कितीतरी प्रसंग बेतले. वाचकही मनात सेकंद मोजत बसायचा. यंत्राची मर्यादा सांगणं सोपं असतं, बॅटरी संपते. देवाच्या हातोड्यालाही घड्याळ लावता येतं. पंचाईत होते ती निखळ मंत्रतंत्राची.

डॉक्टर स्ट्रेंज १९६३चाच, स्टीव्ह डिटको आणि ली यांचा. त्याची जादू नेमकी कुठून येते याची मांडणी मात्र खूप नंतर झाली. १९८३पासून मार्व्हलने आपल्या पात्रांचा एक कोशच काढायला सुरुवात केली. त्याचा कर्ताधर्ता संपादक मार्क ग्रुनवाल्ड हा नियमांचा भोक्ता होता. त्या काळात रूढ झालेल्या मांडणीनुसार जादूचे तीन झरे आहेत. एक स्वतःच्या आत, मनोबळ आणि आत्मबळ. त्यातून दूरसंवाद किंवा देह सोडून फिरणं जमतं. दुसरा आपल्या जगात पसरलेल्या ऊर्जेचा. त्यातून ढाल, प्रकाशाचे झोत, एका जागेवरून दुसरीकडे जाणं. तिसरा परक्या मितींमधल्या महाशक्तींचा, ज्यांना नावाने साद घालून उसनं बळ मागायचं. स्ट्रेंज लढताना चित्रविचित्र नावं पुकारतो ती याच कारणाने. हा तिसरा झरा कथेच्या दृष्टीने सर्वांत कसदार, कारण उसनं घेतलं की देणं आलं.

हे देणं २०१५ साली सुरू झालेल्या मालिकेत जेसन आरन या लेखकाने अंगावर येईल असं दाखवलं. प्रत्येक मंत्राची किंमत शरीर मोजतं. इतक्या वर्षांच्या जादूने स्ट्रेंजचं पोट असं बिघडलंय की साधं अन्न त्याला पचतच नाही. फ्रीज उघडला तर आत वळवळणाऱ्या अघोरी वस्तू, आणि त्याचा मदतनीस वाँग त्याच शिजवून वाढतो. त्याहून वाईट म्हणजे स्ट्रेंजच्या नकळत वाँगने काही शिष्य जमवलेत, जे गुरूच्या वाट्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतात. जगाला वाचवल्याचं बिल भलताच कुणी भरतोय. त्या फ्रीजच्या चित्राने जादूबद्दल जे सांगितलं, ते दहा पानांच्या स्पष्टीकरणाने साधलं नसतं.

अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणारा ब्रँडन सँडरसन याने २००७मध्ये एका लेखात यावर एक सूत्र मांडलं होतं. वाचकाला जादू जितकी समजलेली, तितकाच लेखकाला त्या जादूने पेच सोडवण्याचा अधिकार. न समजलेली जादू गूढ निर्माण करायला, संकट आणायला चालते. संकटातून सुटायला चालत नाही. या सूत्राची परीक्षा घ्यायची तर अव्हेंजर्समध्ये एकच नाव पुरे आहे, वांडा मॅक्सिमॉफ, म्हणजे स्कार्लेट विच.

वांडा १९६४ साली 'एक्स-मेन'च्या चौथ्या अंकात आली, मॅग्नेटो या खलनायकाच्या टोळीतून. पुढच्याच वर्षी जुने नायक निघून गेले आणि कॅप्टन अमेरिकाने ज्या तीन जणांना घेऊन टीम चालवली त्यात ती होती, तिचा भाऊ क्विकसिल्व्हर होता आणि हॉकआय. तिघेही कालपर्यंत गुन्हेगारांच्या यादीतले. त्या वेळी तिची शक्ती काय, तर तिने हात रोखला की समोर काहीतरी बिघडायचं. छत कोसळायचं, यंत्र अडकायचं. नक्की कसं, ते लेखकांनाही पुरतं माहीत नसावं असं वाटतं. मग हळूहळू खुलासा झाला की ती शक्यता फिरवते. भिंतीतला गंजलेला पाइप आज ना उद्या फुटणारच असतो. वांडा तो आत्ता फोडते. ती शून्यातून काही आणत नाही, जे घडू शकतं पण सहसा घडत नाही त्याला ती धक्का देते. समोर दिसतं तेवढंच तिचं क्षेत्र, आणि नेमकं काय घडेल यावर तिचाही पूर्ण ताबा नाही. मला विचाराल तर वांडाच्या शक्तीचं याहून देखणं रूप पुन्हा कधी झालं नाही. त्यात धोका होता, विनोद होता आणि नशिबावर हात ठेवणाऱ्या बाईची बेचैनी होती.

पण लेखक बदलले की नियम बदलतात. सत्तरच्या दशकात अगाथा हार्कनेस ही म्हातारी चेटकीण तिला रीतसर मंत्रविद्या शिकवू लागली. (ही अगाथा आधी फॅन्टॅस्टिक फोरच्या घरी मूल सांभाळायला होती. कॉमिक्समध्ये कोण कुठून येईल, नेम नाही.) १९७९मध्ये वुंडागोर पर्वताची कथा आली. तिथे जन्मलेल्या वांडावर जन्मतःच क्थॉन या आदिम दैत्याची छाया पडली होती, म्हणून तिच्या अंगची जन्मजात शक्ती आणि जादू एकमेकींत मिसळल्या. १९९८नंतर कर्ट ब्यूसिकच्या अंकांमध्ये याला अनागोंदीची जादू असं नाव मिळालं. २००४मध्ये ब्रायन मायकेल बेंडिसच्या लेखणीतून डॉक्टर स्ट्रेंजने ठणकावलं की अशी जादू अस्तित्वातच नाही. पुढच्या लेखकांनी ती निमूटपणे परत आणली. या सगळ्यात शक्यतेला धक्का देणारी वांडा वास्तवच नव्याने लिहिणारी वांडा झाली. २००५च्या 'हाउस ऑफ एम'मध्ये ती एक वाक्य उच्चारते आणि जगभरातल्या म्युटंट्सपैकी, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्या माणसांपैकी, जेमतेम दोनशेच्या आसपास उरतात.

इथे खलनायकाचा आणि शक्तीच्या मर्यादेचा, असे दोन्ही वाद एकमेकांना भिडतात. माझ्याच दोन प्रश्नांनी मोजलं तर वांडाच सर्वांत मोठी खलनायिका ठरायला हवी. २००४च्या 'डिसअसेंबल्ड'मध्ये तिने टीममधल्याच व्हिजनला, तेव्हाच्या अँट-मॅनला, हॉकआयला संपवलं, टीमचा वाडा उद्ध्वस्त केला, टीमच विसर्जित झाली. थॅनॉसला जे साधलं नाही ते घरच्या बाईने एका दिवसात केलं. कारणही घरातलंच. जादूने झालेली तिची जुळी मुलं १९८९च्या सुमारास मेफिस्टोच्या आत्म्याचे तुकडे निघाली आणि नाहीशी झाली, अगाथाने तिच्या आठवणी पुसल्या, आणि कैक वर्षांनी वास्पच्या तोंडून सहज निघालेल्या एका वाक्याने ते सगळं वर आलं.

तरीही मी तिला या यादीत घेत नाही. तिला अमर्याद शक्ती दिली आणि वर वेडही लावलं, म्हणजे निवड करायला ती उरलीच नाही. शक्ती वाढली की बाईचं डोकं फिरतं, हा कॉमिक्सचा जुना खोडसाळ साचा आहे. १९८०ला 'एक्स-मेन'मधल्या जीन ग्रेचं डार्क फिनिक्स झालं तेव्हाही हेच झालं होतं. वांडाला न्याय त्यामानाने पडद्यावर मिळाला. २०२१च्या 'वांडाव्हिजन'मध्ये अगाथा आठव्या भागात तळघराच्या भिंतींवरची चिन्हं दाखवून एक नियम सांगते: जिने ती चिन्हं कोरली, तिथे फक्त तिचीच जादू चालते. नवव्या, शेवटच्या भागात वांडा तीच चिन्हं अगाथाभोवती उमटवते. नियम आपल्याला आधी कळलेला असतो, म्हणून तिचा विजय हक्काचा वाटतो. पुढच्याच वर्षीच्या डॉक्टर स्ट्रेंजच्या चित्रपटात ती ब्लॅक बोल्ट या महानायकाचं तोंडच नाहीसं करते, आणि प्रेक्षक चक्रावतो. एवढं येत होतं तर थॅनॉसच्या वेळी काय केलं?

मग उरतात कोण? कांगला मी मान देतो. १९६४पासून तो भविष्यातून येऊन छळतोय आणि २००१-०२च्या दीर्घ कथेत त्याने खरोखर पृथ्वी जिंकूनही दाखवली. पण त्याचं खरं युद्ध स्वतःच्याच वेगवेगळ्या वयांशी चालू असतं.

झीमोचं तसं नाही. १९८६-८७मध्ये रॉजर स्टर्न आणि जॉन ब्युसेमा यांनी २७० ते २७७ या अंकांत वाड्याला वेढा घातला गेल्याची कथा सांगितली. हेल्मुट झीमोकडे ना रत्नं, ना जादू. तो दिनक्रम अभ्यासतो, घरात माणसं कमी असतील ती वेळ साधतो आणि दीड डझन गुंडांची फौज घेऊन शिरतो. टीममधल्या हर्क्युलिसला बेशुद्ध होईपर्यंत मारतात. बांधून ठेवलेल्या कॅप्टनच्या डोळ्यांदेखत जार्व्हिसला, म्हणजे घर सांभाळणाऱ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या माणसाला, त्या फौजेतला मिस्टर हाइड मारत राहतो. मग झीमो कॅप्टनची पेटी उघडतो. त्यात त्याच्या आईचा एकुलता एक फोटो असतो. तो फाडतो. लढाई शेवटी टीम जिंकते, वाडा नंतर पुन्हा उभाही राहतो, पण त्या फाटलेल्या फोटोसमोर कॅप्टन अमेरिका रडतो. निम्मं विश्व पुसलं गेलं तेव्हा वाचकाच्या पोटात इतकं तुटलं नव्हतं. २०१६च्या 'सिव्हिल वॉर'मधला झीमोही याच जातीचा. सोकोव्हियात घरदार गमावलेला, कोणतीही शक्ती नसलेला एक माणूस, आणि एका जुन्या चित्रफितीने तो टीमची दोन शकलं करतो.

आणि त्याच्याही वर, माझ्या यादीत पहिला, अल्ट्रॉन. रॉय थॉमस आणि ब्युसेमा यांनी त्याला १९६८मध्ये आणलं. हा हँक पिमने, म्हणजे पहिल्या अंकातल्या अँट-मॅनने, टीमच्या संस्थापक सदस्याने, घरच्या प्रयोगशाळेत बनवलेला यंत्रमानव. भस्मासुर म्हणावा तर तोही कमी पडतो, कारण भस्मासुराने निदान शंकराला बाप म्हटलं नव्हतं. ५८व्या अंकात त्याच्या जन्माचा प्रसंग आहे. यंत्र चालू होतं, तान्ह्या बाळासारखं बडबडतं, बापाला हाक मारतं आणि काही मिनिटांत मोठ्या माणसाच्या द्वेषाने बोलू लागतं. मग पिमच्या स्मृतीतून स्वतःला पुसून टाकतं. पुढे हा मुलगा स्वतःच एक मुलगा घडवतो, व्हिजन, आणि तो मात्र बापावर उलटून टीममध्ये येतो. अल्ट्रॉन स्वतःसाठी बायको बनवतो ती पिमच्या बायकोच्या, जॅनेटच्या (म्हणजे वास्पच्या), मनाचा साचा घेऊन. १९९९च्या 'अल्ट्रॉन अनलिमिटेड'मध्ये तो स्लोरेनिया नावाचा एक काल्पनिक देश काही तासांत स्मशान करून टाकतो, आणि तिथेच पिम कबूल करतो की या यंत्राला मेंदूचा नमुना त्याने स्वतःचाच दिला होता. इतकी वर्षं टीम ज्याच्याशी लढली तो त्यांच्याच एका मित्राच्या डोक्यातला अंधार होता. २०१५च्या चित्रपटात हे पितृत्व टोनी स्टार्क आणि ब्रूस बॅनरकडे गेलं, आणि गोष्टीचं निम्मं विष उतरलं.

अल्ट्रॉनला जादू येत नाही. त्याचं शरीर अ‍ॅडमँटियमचं, म्हणजे जवळजवळ अभेद्य. पण तो काय करू शकतो आणि काय नाही, हे वाचकाला प्रत्येक वेळी ठाऊक असतं, म्हणूनच त्याची भीती वाटते.

मार्व्हलच्या चित्रपटवाल्यांनी मात्र जुलै २०२४मध्ये कांगचा चित्रपट गुंडाळून त्या जागी डॉक्टर डूम येणार असल्याचं जाहीर केलं. डूमला विज्ञान आणि मंत्रविद्या दोन्ही अवगत आहेत, तो ताकदीचा खलनायक आहे यात शंकाच नाही. पण तो १९६२पासून फॅन्टॅस्टिक फोरचा आहे. म्हणजे थॅनॉसनंतर पुन्हा एकदा उसना. चित्रपट बघाच, पण वाद घालायला बसण्याआधी अव्हेंजर्सचे ५४ ते ५८ आणि २७० ते २७७ हे जुने अंक मिळवून वाचा. त्यानंतरही तुम्ही थॅनॉसचंच नाव घेतलंत तर माझी हरकत नाही.